गुरुवारचे दोन तास

आमच्या विमान क्लबात दर महिन्याला एका सभासदाची ओळख लिहून हँगरच्या दारावर चिकटवायची पद्धत आहे. ऑक्टोबरसाठी व्हर्लिन टॉस्ट्रूडचं नाव निघालं आणि सगळे एका सुरात म्हणाले, डेल्मरने लिहावं, व्हर्लिनला त्याच्याइतकं कोण ओळखतं? मी मान डोलावली. मला नाही म्हणता येत नाही. आमच्या टॉफ्टव्हिलमध्ये ते कुणालाच येत नाही, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

दारावर एक पान पुरतं. जन्म, नोकरी, बायको, विमान, एखादा विनोद. मी तसं पान तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं, कारण त्यात मी नव्हतो. आता हे लांबलेलं आहे ते चिकटवा नाहीतर चुलीत घाला.

व्हर्लिन अडुसष्ट वर्षांचा. गावातल्या ट्रॅक्टरच्या दुकानात चाळीस वर्षं मेकॅनिक होता. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकून कुठला सिलिंडर आजारी आहे ते सांगायचा, पण मालकाने विचारलं तरच. बोलणं बेतास बात. चौपन्नाव्या वर्षी त्याने दोन माणसं बसतील असं विमान बांधायला घेतलं, घराच्या गॅरेजात. भाग डब्यांतून येतात, बाकी सगळं आपल्या हाताने. त्याला चौदा वर्षं लागली. ती चौदा वर्षं त्याची बायको आर्डिस हिची गाडी बाहेर उभी राहिली. मिनेसोटाच्या हिवाळ्यात गाडी बाहेर ठेवणं म्हणजे काय ते इथल्याच माणसाने समजावं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिला सहाला पोचावं लागे, म्हणजे पाचपासून काच खरवडायची. संध्याकाळी परत आली की अंगावरचा कोट न काढता ती पत्र्याच्या पलीकडे लोखंडाचा ठोकळा धरून उभी, आणि अलीकडून हा रिव्हेट ठोकणार. असे चौदा हजार रिव्हेट. मी एकदा तिला म्हटलं, "आर्डिस, अर्धं विमान तुझं."

"माझं कुठलं अर्धं?" ती म्हणाली. "मागचं असेल तर नको. तिथे हीटर नसतो."

एका रात्रीतून नव्वद रिव्हेटची एक पूर्ण ओळ त्याने काढून टाकली होती, कारण रेघ केसभर तिरकी गेली होती. वरून आसनाचं कापड येणार होतं, कुणाला दिसणार नव्हती. मी म्हटलं, "अरे, कोण बघायला जातंय?"

"मला माहीत आहे ना," तो म्हणाला. बास, एवढंच.

स्वतः विमान बांधणारी माणसं एक चूक हमखास करतात. विमान बांधायला विमान विकतात. व्हर्लिनकडे एक जुनं, संथ विमान होतं. इंजिन घ्यायला त्याने ते विकलं आणि नऊ वर्षं जमिनीवर राहिला. दुसरी चूक याहून मोठी. ज्या विमानाचा खिळा न् खिळा आपण ठोकला, ते आपल्याला चालवता येणारच असं त्यांना वाटतं. विमा कंपन्यांना तसं वाटत नाही. व्हर्लिनच्या कंपनीने स्वच्छ कळवलं, की पहिल्या उड्डाणाआधी याच जातीच्या विमानावर, प्रशिक्षक शेजारी बसवून, पाच तास झाले पाहिजेत. नाही झाले तर विमा नाही.

तो प्रशिक्षक मी. माझ्याकडे त्याच जातीचं विमान आहे, सात वर्षांपूर्वी मीच बांधलेलं, आणि त्यावर शिकवण्याचा सरकारी परवाना आहे. क्लबचा अध्यक्षही मीच. जूनच्या दुसऱ्या शनिवारी क्लबचा धिरड्यांचा नाश्ता असतो, अर्धा तालुका येतो. त्याच दिवशी व्हर्लिनचं पहिलं उड्डाण ठरवलं, तेही मीच. स्थानिक पेपरात छापूनही आणलं.

त्या शनिवारच्या आधीच्या मंगळवारी आम्ही एक पूर्णांक सहा तास उडलो, बुधवारी एक पूर्णांक चार. विमानाचे तास दशांशात लिहितात, एक दशांश म्हणजे सहा मिनिटं. वर गेल्यावर व्हर्लिन बरा होता. उतरताना नव्हता. त्याचं जुनं विमान म्हणजे शहाणी म्हैस, आपली आपण गोठ्यात यायची. हे विमान तसं नाही. याचं तिसरं चाक शेपटीखाली असतं, त्यामुळे टेकल्यावर पायांनी ते सारखं सरळ धरावं लागतं, अगदी थांबेपर्यंत. पाय जरा विसावले की शेपूट पुढे यायला बघते. व्हर्लिनचे पाय चाळीस वर्षं सिमेंटच्या फरशीवर उभे राहिलेले, त्यांना विसावायची सवय. बुधवारचं शेवटचं उतरणं तीन उड्या मारत झालं. तिसऱ्या उडीला मी विमानाचा दांडा माझ्या हातात घेतला.

थांबल्यावर त्याने घाम पुसला आणि विचारलं, "कसं काय?"

"फार वाईट नाही," मी म्हणालो.

आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही. नवी नवरी फार वाईट नसते, भरघोस पीकही फार वाईट नसतं. तो खूश झाला. मग जरा वेळाने म्हणाला, "उद्या आडव्या वाऱ्यात करायचं ना?"

"करू की."

त्या संध्याकाळी मी माझ्या विमानाखाली आडवा झालो. डाव्या चाकाच्या पायाला जिथे बोल्ट बसतात, तिथला रंग केसासारखा तडकला होता. बोटाने चाचपून पाहिलं. आणखी दोन तास अशा उड्या मारल्या तर पाय बदलावा लागेल. आपला तो बाब्या म्हणतात ना, तसा मी त्या चाकाशी बसून राहिलो.

गुरुवारी वारा दक्षिणेकडून, धावपट्टीला बरोबर आडवा. शिकवायला हवा असतो तसाच. दहा वाजता व्हर्लिन हँगरच्या दारात आला. हातात आर्डिसने दिलेला पत्र्याचा डबा, खजुराच्या वड्यांचा.

"वारा आहे," तो म्हणाला.

"आहे खरा."

"तू कामात दिसतोस."

"शनिवारचं बघतोय. तवे आणायचेत, सॉसेजचं अजून ठरलं नाही."

"मग राहू दे. तुला उगाच त्रास."

आता हे मला सांगायला हवं. आमच्याकडे पहिला नकार हा नकार नसतो. कॉफी विचारली की पाहुणा म्हणतो नको. पुन्हा विचारलं की म्हणतो, कशाला उगाच. तिसऱ्यांदा आग्रह केला की म्हणतो, अर्धा कप चालेल. पहिल्याच फेरीत घेणारा अधाशी, आणि तिसऱ्यांदा न विचारणारा चिक्कू. दुधाच्या दातांपासून आम्हाला हे येतं. व्हर्लिनचं 'राहू दे' म्हणजे 'मला विचार'. मला ते कळलं होतं. त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटते असं त्याला म्हणता येत नव्हतं.

"बरं," मी म्हणालो. "मग राहू दे."

तो जागचा हलला नाही. डबा बाकावर ठेवला, सरळ केला. "मग ते पाच तास?"

"ते मी बघतो. माझे तीन म्हणजे दुसऱ्याचे पाच."

त्याने लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, पुढे केलं. मी तिसरी ओळ लिहिली. गुरुवार, आडव्या वाऱ्यात उतरणं, दोन तास. खाली सही केली. केसभर तिरक्या रेघेसाठी नव्वद रिव्हेट काढणारा माणूस ते बघत उभा होता आणि बोलला नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात. मला भीड होती हे मात्र खोटं. भीड त्याला होती. मला माझ्या विमानाची काळजी होती. दोन तास माझं विमान ज्या पायांखाली द्यायला मी तयार नव्हतो, त्या पायांखाली तो स्वतःला देणार होता, आणि मी सही करून मोकळा झालो.

शनिवारीही वारा दक्षिणेचाच होता. अध्यक्ष म्हणून मी एक शब्द बोललो असतो तर उड्डाण पुढे गेलं असतं. दोनशे माणसं धिरडी खात होती. मी तव्यापाशी उभा राहून उलटत होतो.

तो वर गेला तेव्हा लोक खायचे थांबले. चांदीसारखं विमान, मक्याच्या शेतांवरून दोन फेऱ्या मारून सुरेख वळून आलं. आर्डिस एका हाताने डोळ्यांवर सावली धरून उभी होती. मग तो उतरायला आला. टेकला, उडी, पुन्हा टेकला. वाऱ्याने शेपूट ढकलली आणि व्हर्लिनचे पाय विसावलेले. विमान आडवं फिरलं, डाव्या चाकाचा पाय मोडला, पंख जमिनीत रुतला. पत्रा फाटल्याचा आवाज धिरड्यांच्या रांगेपर्यंत आला.

मी धावलो. तिथे पोचल्यावर कळलं की माझ्या हातात उलथनं तसंच आहे. व्हर्लिनच्या कपाळाची कातडी फाटली होती आणि उजवा खांदा विचित्र लोंबत होता. गळ्याखालचं हाड मोडलं होतं, ते नंतर कळलं. आम्ही त्याला ओढून बाहेर गवतावर बसवलं.

"तुमच्या नाश्त्याची वाट लावली," तो म्हणाला.

आर्डिस आली. आपल्या ॲप्रनने त्याच्या कपाळावरचं रक्त पुसता पुसता तिने वर न बघता विचारलं, "वाऱ्यातलं शिकवलं होतंस ना रे, डेल्मर?"

"शिकवलं होतं," मी म्हणालो.

व्हर्लिनने डोळे मिटून घेतले.

पुढच्या आठवड्यात विमा कंपनीकडून रेने पेल्की नावाची बाई आली. तिशीची, चिखलाचे बूट, गळ्यात कॅमेरा. मोडलेल्या विमानाभोवती दोन तास फिरली, मग माझ्या हँगरात टेबलाशी येऊन बसली. एका बाजूला व्हर्लिन, हात झोळीत. एका बाजूला मी, कॉफी ओतत. तिने लॉगबुक उघडलं.

"मंगळवार, बुधवार, गुरुवार. पाच तास पुरे. आडव्या वाऱ्याचंही आहे," ती म्हणाली. "झालं तर मग. शिकूनही अपघात होतात, टॉस्ट्रूड. विमा त्याचसाठी असतो. कागद ठीक आहेत, मला अडचण दिसत नाही."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. खोटं सांगत नाही, मला आनंद झाला. त्याचे पैसे मिळणार आणि माझं पाप कागदाखाली जाणार.

"गुरुवारचे झाले नाहीत," व्हर्लिन म्हणाला.

तिने पेन खाली ठेवलं. "काय झाले नाहीत?"

"गुरुवारी आम्ही उडलोच नाही. तीनच तास झाले."

"मग ही सही?"

"सही त्याची. मी आधीच कोऱ्या ओळीवर घेऊन ठेवली होती. बाकीचं मी भरलं."

ती वहीकडे बघत राहिली. तिन्ही ओळी एकाच पेनाच्या, एकाच उजवीकडे झुकलेल्या अक्षरातल्या. मग तिने व्हर्लिनकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे. "तुम्हाला काही सांगायचंय का?"

मी साठ वर्षांचा माणूस. दोन नातवंडांचा आजा. एकवीस जणांना उडायला शिकवलेलं. आणि माझ्या तोंडून जे सुटलं ते असं:

"कॉफी देऊ आणखी?"

"नको," ती म्हणाली. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तिने सावकाश समजावलं की हे लिहून घेतलं तर कंपनी एक सेंटही देणार नाही. व्हर्लिन म्हणाला ठीक आहे. डाव्या हाताने त्याने सही केली, पोराटोरांसारखी वाकडीतिकडी. ती गेल्यावर मी म्हटलं, "व्हर्लिन, का?"

"रिव्हेट तिरका गेला होता," तो म्हणाला. "काढला."

"पण माझं का आपल्या अंगावर घेतलंस?"

"वही माझी होती. तू लिहिताना मी बघत होतो." तो उठला, झोळी सावरली. "माझं विमान गेलं. त्यात तुझा परवाना कशाला?"

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्या उन्हाळ्यात मी तोंड चुकवत हिंडलो. चर्चनंतरची कॉफी सोडली. वाणसामानाला अकरा मैल लांबच्या गावी जाऊ लागलो, कारण इथल्या दुकानात आर्डिस भेटायची. तिचा पत्र्याचा डबा माझ्या बाकावर तसाच. आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, आणि त्यात काय घालून द्यावं ते मला सुचेना. ऑगस्टमध्ये मी रेने पेल्कीला फोन केला आणि खरं सांगितलं. ती जराही दचकली नाही.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "दावा त्यांनी मागे घेतला, तो कागद आता मिटला. तीन तासांचे पाच होत नाहीत, कुणी का लिहिले असेनात. मला सांगून तुम्हाला बरं वाटणार असेल तर वाटू दे. पण परवाना मी दिलेला नाही."

परवाना ज्यांनी दिला त्यांना मी तेव्हाही कळवलं नाही. पत्र लिहिलं आणि खणात ठेवलं.

मग हे ओळखीचं काम गळ्यात पडलं. काल दुपारी डब्यात दुकानातून आणलेली बिस्किटं भरली आणि टॉस्ट्रूडांच्या घरी गेलो. आर्डिसची गाडी बाहेर होती. काचेवर सकाळचे खरवडल्याचे ओरखडे. गॅरेजात तो मोडलेला पंख लाकडी घोड्यांवर मांडलेला, आणि व्हर्लिन ड्रिलने एकेक जुना रिव्हेट काढत होता. पलीकडून आर्डिस धरून उभी.

मी डबा ठेवला. पाठ करून आलो होतो, तरी गडबडलो. "आर्डिस, त्या गुरुवारी मी याला शिकवलं नव्हतं. तुला खोटं सांगितलं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"यानं सांगितलं?"

"हा कशाला सांगतोय? शाळेला सुट्टी, मी घरीच होते. गुरुवारी दहाला गेला तो पाऊण तासात घरी. तुझ्या हँगरात जायलाच वीस मिनिटं लागतात. मला घड्याळ कळतं, डेल्मर."

"मग त्या दिवशी मला विचारलंस ते?"

"तू काय सांगतोस ते बघायला," आर्डिस म्हणाली, आणि पुढचा रिव्हेट धरला.

याआधी मला लाज वाटत होती ती कुणाला कळेल याची. तिला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं, रक्त पुसताना माहीत होतं, आणि तिने मला खरं बोलायची एक संधी दिली होती. ती मी तिच्या डोळ्यांदेखत घालवली होती.

व्हर्लिनने ड्रिल बंद केलं. दाराबाहेर बघत म्हणाला, "वारा आहे."

"आहे खरा," मी म्हणालो.

"दक्षिणेचा दिसतो." त्याने हात पुसले. "आपले दोन तास राहिलेत. पण तू कामात असशील तर राहू दे."

"कामात नाही."

"नको, तुझ्या विमानाचा तो पाय. मी तेव्हाच बघितला होता तडकलेला."

बघितला होता तर. हेही त्याला माहीत होतं.

"मोडला तर बदलू," मी म्हणालो.

"कशाला उगाच त्रास."

"व्हर्लिन, कोट घाल," मी म्हणालो.

त्याने घातला.

आडव्या वाऱ्यात तो बावीस वेळा उतरला. पहिल्या सहा वेळा भयंकर होत्या आणि मी तसं तोंडावर सांगितलं: "हे वाईट होतं. पाय झोपले. पुन्हा." आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तोंडावर वाईट म्हणालो. तो म्हणाला, "हं," आणि पुन्हा वर गेला. अकराव्याला माझ्या विमानाच्या डाव्या पायाने कण्हल्यासारखा आवाज केला, मी तिकडे बघितलं नाही. अठराव्यानंतर त्याचे पाय जागे राहिले. वरच्या एका फेरीत मी त्याला सांगितलं की खणातलं पत्र मी उद्या टाकतोय, आणि सोबत परवान्याचं कार्डही. तो धावपट्टीकडे बघत राहिला.

इंजिन बंद केल्यावर त्याने खिशातून ते लॉगबुक काढलं. गुरुवारच्या ओळीवर रेनेसमोर त्याने डाव्या हाताने मारलेली आडवी रेघ होती. त्याखालची ओळ कोरी होती. त्याने पेन माझ्या हातात दिलं. मी तारीख घातली, आडव्या वाऱ्यात उतरणं लिहिलं, आणि घड्याळ बघितलं. दोन तास झाले नव्हते. एक पूर्णांक नऊ झाले होते. मी एक पूर्णांक नऊ लिहिले आणि सही केली.

व्हर्लिनने वही जवळ घेऊन वाचली.

"कार्ड उद्या पाठवतोस ना?" त्याने विचारलं.

"उद्या."

"मग सहा मिनिटं राहिली," तो म्हणाला, आणि पुन्हा पट्टा बांधायला लागला.